कुत्र्या-मांजरांना घरातल्या घरात होणारी विषबाधा: काय उचलून ठेवायचं आणि काही खाल्लंच तर काय करायचं

घरात कुत्रा किंवा मांजर आहे म्हटल्यावर फिनेल, उंदराचं औषध असल्या गोष्टी सगळेच लांब ठेवतात, ते कुणाला सांगावं लागत नाही. खरी पंचाईत होते ती आपण ज्यांना विष समजतच नाही त्या वस्तूंची. मनुका, कांदा, शुगरफ्री च्युइंगम, तापाची गोळी, फुलदाणीतली लिली. ह्या सगळ्या आपल्या हाताखालच्या वस्तू आहेत आणि ह्यातली प्रत्येक गोष्ट कुत्र्याच्या नाहीतर मांजराच्या जिवावर बेतू शकते. "आपण तर रोज खातो, त्याला एवढंसं दिलं तर काय होणार" हा हिशोब इथे चालत नाही कारण त्यांचं लिव्हर आपल्यासारखं काम करत नाही, वजन आपल्यापेक्षा बरंच कमी असतं, आणि कुत्रा तर एक तुकडा खाऊन थांबत नाही, पाकिटासकट संपवतो.

आणि दुसरी गोष्ट, माझ्या मते ह्या सगळ्यातली सर्वात महत्त्वाची: बऱ्याच विषांमध्ये सुरुवातीचे काही तास, कधी कधी काही दिवस, जनावर एकदम ठणठणीत दिसतं. शेपूट हलवतं, खेळतं, जेवतं पण. आपण म्हणतो बघू संध्याकाळपर्यंत, काही झालं तर नेऊ. पण पोटातलं बाहेर काढता येण्याचा वेळ हाच असतो, साधारण पहिले एक-दोन तास. लक्षणं दिसायला लागली म्हणजे विष रक्तात गेलेलं असतं आणि मग किडनी, लिव्हर वाचवायची धडपड सुरू होते. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही, चांगला दिसतोय तेव्हाच व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, फोन करायचा.

आता एकेक बघू. सगळ्या वस्तूंना सारखा वेळ देत नाही, जिथे लोकांची जास्त फसगत होते तिथेच थांबतो.

चॉकलेटपासून सुरू करू कारण ते कुत्र्याला चालत नाही हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं पण किती आणि कुठलं ते माहीत नसतं. चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन नावाचं कॅफिनसारखं उत्तेजक असतं आणि थोडं कॅफिन. माणसाच्या शरीरातून थिओब्रोमीन काही तासांत निम्मं होतं, कुत्र्यामध्ये त्यालाच साधारण १७-१८ तास लागतात, म्हणून ते साठत जातं आणि हृदयावर, मेंदूवर परिणाम करतं. चॉकलेट जितकं काळं आणि कडू तितकं वाईट. मिल्क चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमीन, डार्कमध्ये ५ च्या आसपास, केकसाठी वापरतात त्या बिनसाखरेच्या बेकिंग चॉकलेटमध्ये १५ च्या आसपास आणि कोको पावडरमध्ये त्याहूनही जास्त. व्हाइट चॉकलेटमध्ये जवळपास नसतंच, तिथे त्रास होतो तो फॅट आणि साखरेचा. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमला उलटी, जुलाब, बेचैनी सुरू होते, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. म्हणजे ५ किलोच्या कुत्र्याने १०० ग्रॅमचा डार्क चॉकलेटचा बार खाल्ला तर पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं, किलोमागे १०० झालं, ही सरळ इमर्जन्सी आहे. तोच बार ३० किलोच्या कुत्र्याने खाल्ला तर किलोमागे १७ च्या आसपास येतं, त्याचं बहुतेक पोट बिघडण्यावर निभावतं, तरी विचारायचं फोन करून. हा हिशोब कागदावर करता येतो म्हणून कुत्र्याचं वजन माहीत असलं पाहिजे, आणि रॅपर फेकून द्यायचं नाही, त्यावर कोकोचं प्रमाण लिहिलेलं असतं. मांजरालाही चॉकलेट वाईटच पण मांजराला गोड चव कळतच नाही, जिभेवरचा ती ओळखणारा रिसेप्टरच त्यांच्यात चालत नाही, त्यामुळे ती सहसा त्या वाटेला जात नाहीत.

द्राक्षं आणि मनुका-बेदाण्यांचं प्रकरण जास्त वाईट आहे कारण तिथे असा हिशोबच करता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन बरा राहतो आणि दुसऱ्याची थोड्याशा खाण्यानेही किडनी जाते, आणि आपला कुत्रा कुठल्या प्रकारातला हे आधी कळायचा काही मार्ग नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं, ते द्राक्षात भरपूर असतं आणि द्राक्षागणिक कमी-जास्त असतं, म्हणून एवढा फरक पडतो असं त्यांचं म्हणणं. हेच ॲसिड चिंचेत आणि बेकिंगच्या क्रीम ऑफ टार्टरमध्ये पण असतं, आणि ते खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही अशीच किडनी बिघडलेली दिसली आहे. तेव्हा मनुका घातलेला केक, बिस्किट, ड्रायफ्रुटचा डबा, चिंचेचा कोळ हे सगळं एकाच यादीत धरा. खाल्ल्यावर पहिल्या दिवसात उलट्या होतात, मग सुस्ती, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. लहान मुलं असतील तर त्यांना हे खास समजावून सांगा, कारण मुलांना आपल्या हातातलं द्राक्ष कुत्र्याला भरवायला फार आवडतं.

कांदा-लसणात उलट होतं, तिथे उशीर फसवतो. कांदा, लसूण, पातीचा कांदा, लीक ह्या सगळ्या कुळात गंधकाची संयुगं असतात आणि ती लाल रक्तपेशींना इजा करतात, पेशी फुटायला लागतात आणि ॲनिमिया होतो. पण हे त्या दिवशी होत नाही, तीन-चार दिवसांनी जनावर मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर किंवा कॉफीच्या रंगाची होते आणि तोपर्यंत आपण कांदा खाल्लेला विसरून गेलेलो असतो. मांजराला वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम कांदा पुरतो, म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, एका छोट्या कांद्याचा तुकडा फक्त. कुत्र्याला किलोमागे १५ ते ३० ग्रॅम. शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने हे विष जात नाही, उलट कांद्याच्या आणि लसणाच्या पावडरीत पाणी नसल्यामुळे ते दाटलेलं असतं. त्यामुळे आजारी मांजराला ताकद यावी म्हणून आपल्या जेवणातलं सूप किंवा रस्सा पाजतात ना, ते करू नका, द्यायचंच तर नुसतं पाण्यात शिजवलेलं चिकन द्या, मीठ-मसाला काही नको. लसणाने गोचीड-पिसवा जातात असं पण कुणीतरी सांगतं, त्यासाठी रोज लसूण चारणं म्हणजे थोडं थोडं करून तेच विष देणं आहे.

झायलिटॉल. हे नाव पाठ करा. शुगरफ्री च्युइंगम, मिंट, काही टूथपेस्ट, माउथवॉश, काही पीनट बटर, शुगरफ्री बेकरीचे पदार्थ आणि सिरप ह्यात साखरेऐवजी घालतात. लेबलवर झायलिटॉल म्हणून लिहिलेलं असतं, किंवा बर्च शुगर, किंवा नुसतं ई ९६७. माणसाला काही होत नाही, पण कुत्र्याचं शरीर ह्याला साखर समजतं आणि एकदम भरपूर इन्सुलिन सोडतं, रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळते. कुत्रा झोकांड्या खातो, गळून पडतो, झटके येतात. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढं ह्याला पुरतं, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे लिव्हर निकामी होण्याची भीती. काही च्युइंगमच्या एका तुकड्यात १ ग्रॅमच्या आसपास झायलिटॉल असतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला एक तुकडा पण धोक्याचा. मांजरांना ह्याचा असा त्रास होत नाही असं दिसलंय. कुत्र्याला गोळी भरवायला पीनट बटर वापरत असाल तर बाटली उलटी करून घटक वाचा, आणि पर्स-बॅगा जमिनीवर ठेवायची सवय मोडा, कारण च्युइंगम तिथूनच मिळतं त्यांना. कुत्र्याचे दात आपल्या टूथपेस्टने घासू नका, त्यांची वेगळी येते, गिळली तरी चालणारी.

बाकीचं पटापट सांगतो. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ पोटात जाऊन फुगतं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं, दोन्ही वाईट. दारू तर नाहीच. चहा-कॉफीची पावडर आणि वापरलेला चोथा दोन्हीत कॅफिन असतं. मॅकाडेमिया नट्सनी कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात, एक-दोन दिवसांत परत येतात पण घाबरायला होतं. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात आणि घशात नाहीतर आतड्यात रुततात, त्यामुळे उरलेल्या हाडांची ताटली कुत्र्यापुढे सरकवू नका. तेलकट-तुपकट खूप झालं की स्वादुपिंडाला सूज येते, त्यात उलट्या थांबत नाहीत आणि पोट भयंकर दुखतं. दूध मोठ्या मांजरांना बऱ्याचदा पचत नाही, जुलाब होतात, ते विष नाही पण मांजर म्हणजे दूध हे डोक्यातून काढा, पाणी ठेवा.

आता औषधं. इथे मला मनापासून काळजी वाटते कारण बाकीचं जनावर चोरून खातं, औषध मात्र आपण प्रेमाने भरवतो. मांजराला अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देणारे लोक आहेत, आणि ती अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. मांजराच्या लिव्हरमध्ये पॅरासिटामॉल जिरवणारं एन्झाइम फार कमी असतं, त्यामुळे त्याचा विषारी भाग साठतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच जाते. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ह्याला उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो लवकर मिळाला पाहिजे. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, वरचं ब्रँडचं नाव वाचून कळत नाही, मागचे घटक वाचावे लागतात. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात आणि किडनीला मारतात, मांजर त्याहून नाजूक. कुत्रा लंगडतोय म्हणून आपली पेनकिलर द्यायची नाही, त्यांच्यासाठी वेगळी पेनकिलर असते आणि ती वजनावर देतात.

न भरवताही औषध पोटात जातं. मांजर अंग चाटतं, आपलं पण चाटतं. गुडघ्याला लावलेलं पेनकिलर क्रीम, टक्कल पडू नये म्हणून डोक्याला लावलेलं मिनॉक्सिडिल, मांजर उशीवर झोपलं आणि मग अंग चाटत बसलं की झालं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने फ्लुरबिप्रोफेन ही पेनकिलर असलेल्या क्रीममुळे घरातली मांजरं आजारी पडून मेल्याची सूचना काढली होती, त्यात क्रीम माणसानेच स्वतःच्या अंगाला लावलेलं होतं. मिनॉक्सिडिल तर थेंबभरसुद्धा धोक्याचं. लावल्यावर हात धुवा, वाळेपर्यंत मांजराला जवळ घेऊ नका, आणि उशीचा अभ्रा लगेच धुवायला टाका. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची गोळी असते ना आठवड्याला एक घ्यायची, त्यात दीड मिलिग्रॅम व्हिटॅमिन डी असतं, आणि कुत्र्याला किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून त्रास सुरू होऊ शकतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने एक गोळी चावली तरी फोन करायचा. पूर्ण पट्टी खाल्ली तर धावतच जायचं.

मांजर असलेल्या घरात अजून एक नियम, आणि हा मोडू नका. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवा-गोचिडाचं औषध मांजरावर टाकायचं नाही. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असू शकतं, मांजराला ते जिरवता येत नाही, काही तासांत अंग थरथरायला लागतं आणि झटके येतात. मोठ्या कुत्र्याचं औषध अर्धं करून मांजराला, असली काटकसर तर अजिबात नको. कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. चुकून लागलंच तर भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन लगेच धुवा, कोमटच, गरम पाण्याने कातडीतून जास्त शोषलं जातं आणि गार पाण्याने मांजर गारठतं, मग थरथर वाढते. धुऊन पुसून टॉवेलात गुंडाळा आणि तसंच व्हेटकडे न्या.

कुंड्यांकडे येऊ. मांजर आणि लिली एका घरात ठेवायची नाही, ह्यावर माझं मत पक्कं आहे, उंच टेबलवर ठेवते वगैरे काही उपयोगाचं नाही कारण मांजर चढतं आणि पराग खाली पडतातच. लिलियम म्हणजे खरी लिली, आणि डे लिली, ह्या दोन्हीचं पान, पाकळी, देठ, पराग, एवढंच काय फुलदाणीतलं पाणी पण मांजराची किडनी घालवतं. पिवळ्या-केशरी परागाचा डाग अंगावर पडला, मांजराने तो चाटला, एवढं पुरतं. काही तासांत उलट्या होतात, मग थांबतात, बरं वाटल्यासारखं दिसतं आणि एक ते तीन दिवसांत किडनी बंद पडते. पहिल्या १८ तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचायची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. कुत्र्याला लिलीने पोट बिघडण्यापलीकडे सहसा काही होत नाही. आणि पीस लिली म्हणून जे पांढऱ्या फुलाचं झाड विकतात ते ह्या कुळातलं नाही, त्याने किडनी जात नाही, फक्त तोंड जळतं.

तोंड जळणाऱ्यांचा गट मोठा आहे: मनी प्लांट, डायफेनबॅकिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, पीस लिली. ह्यांच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचे पुंजके असतात, चावलं की ते जिभेत घुसतात. लाळ गळते, जनावर पंजाने तोंड घासतं, एखादी उलटी. ओल्या फडक्याने तोंड आतून पुसून घ्या, पाणी प्यायला द्या, सहसा त्यावर भागतं, पण जीभ-घसा सुजून श्वास अडायला लागला तर न्यायचं. कोरफड आणि स्नेक प्लांटने उलट्या-जुलाब होतात.

जीव घेणारी झाडं वेगळी. सायकस, ज्याला सागो पाम म्हणतात, त्याचं सगळंच विषारी आणि बिया सगळ्यात जास्त, एक-दोन बियांनी कुत्र्याचं लिव्हर जाऊ शकतं. कण्हेर, पिवळी कण्हेर, ॲडेनियम ही हृदयावर जाणारी. एरंडाच्या चावलेल्या बिया. ही झाडं बागेत असतील आणि घरात चावरं पिल्लू येणार असेल तर पिल्लू यायच्या आधी झाडं दुसऱ्याला देऊन टाका, पिल्लू दिसेल ते तोंडात घालतं आणि त्याला शिकवायला महिने लागतात.

झाडांपेक्षा खतं जास्त फसवतात हे बागकाम करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. एरंडी पेंडीत रायसिन, म्हणजे एरंडाच्या बियांतलं विष, राहू शकतं आणि कुत्र्याला तिचा वास आवडतो. बोनमील, म्हणजे हाडांची पूड, तर त्याला खाऊच वाटतं, पोटात जाऊन त्याचा सिमेंटसारखा गोळा बसतो. गोगलगायींसाठी टाकतात त्या निळ्या-हिरव्या गोळ्यांत मेटाल्डिहाइड असेल तर अंग थरथरून ताप चढतो. पिशव्या झाकणाच्या डब्यात ठेवा, खत घातलं की मातीत खोल मिसळून पाणी द्या, आणि त्या दिवशी कुत्र्याला कुंड्यांपाशी सोडू नका. कंपोस्टच्या डब्याला घट्ट झाकण हवंच. सडलेल्या पावावर, भातावर, चीजवर येणाऱ्या काही बुरशींचं विष मेंदूवर जातं, कुत्रा कचरा उकरून खातो आणि काही तासांनी त्याचं सगळं अंग थरथर कापायला लागतं. लोकांना वाटतं कुणीतरी विष घातलं, आणि ते असतं आपल्याच कंपोस्टमधलं.

मग लावायचं काय? भरपूर आहे. एरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलेथिया, हॉवर्थिया, आफ्रिकन व्हायोलेट, गुलाब, ही कुत्र्या-मांजराला विषारी नाहीत. मांजराला चघळायला स्वतःचं गवत लावून द्या म्हणजे बाकी झाडांवरचं लक्ष कमी होतं. गहू नाहीतर बार्ली रात्रभर भिजवायची, पसरट ट्रेमध्ये तळाला भोकं पाडून दोन-तीन बोटं माती घालायची, दाणे एकमेकांना लागून दाट पसरायचे, वरून पातळ मातीचा थर, आणि रोज फवारा. आठ-दहा दिवसांत वीतभर होतं. कीटकनाशक मारलेलं बियाणं मात्र नको, खाण्याचं धान्य घ्या. गवत पिवळं पडलं किंवा बुडाशी बुरशी दिसली की टाकून नवीन लावा.

आता समजा खाल्लंच. काय करायचं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, उरलेलं त्याच्यापासून लांब करा आणि दुसरं जनावर असेल तर त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, कुणी खाल्लं ते नक्की नसेल तर दोघांनीही खाल्लं असंच धरा. ओरडू नका, पाठलाग करू नका, घाबरून ते उरलेलं पण गिळून टाकतं. मग फोन करा आणि ह्या गोष्टी हाताशी ठेवा: जनावराचं वजन, काय खाल्लं, जास्तीत जास्त किती खाल्लं असेल, किती वाजता, आणि आत्ता कसं आहे. पाकीट, पट्टी, बाटली, झाडाचं पान, उलटी झाली असेल तर ती, सगळं पिशवीत घालून सोबत न्या. किती खाल्लं ह्यात कमी सांगू नका, पट्टीत दहा गोळ्या होत्या आणि चार सापडल्या तर सहा पोटात गेल्या असं सांगायचं.

हिरड्या बघायला शिका, फोनवर व्हेट हेच विचारेल. वरचा ओठ बाजूने हलकेच उचला, सुळ्याच्या वरची हिरडी गुलाबी आणि ओली असली पाहिजे. बोटाने दाबून सोडा, दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. पांढरी, निळसर, तपकिरी, पिवळी किंवा लालभडक दिसली तर काहीतरी बिघडलंय. काही जनावरांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. हे सगळं जनावर निरोगी असताना दोन-चार वेळा करून ठेवा म्हणजे नेहमीचा रंग ओळखीचा होतो आणि जनावरालाही तोंडाला हात लावून घ्यायची सवय होते. झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते पण मोजून ठेवा, शांत झोपलेल्या कुत्र्या-मांजरात ते सहसा ३० च्या आत असतं.

काय करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, उलटी झाली नाही तर ते मीठच रक्तात जाऊन मेंदूला सूज येते आणि त्याने जनावरं मेली आहेत. घशात बोटं घालायची नाहीत. तेल, तूप, दूध, अंड्याचा बलक हे जबरदस्तीने ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं आणि वर न्यूमोनिया. उलटीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराला कधीच नाही, त्याच्या पोटातून रक्त यायला लागतं. ॲसिड, ड्रेन क्लीनर, रॉकेल-पेट्रोल असलं काही गिळलं असेल तर उलटीने दुप्पट नुकसान होतं, वर येताना परत अन्ननलिका भाजते. सुस्त, बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या जनावराच्या तोंडात काहीही घालायचं नाही. उलटी करवायची की नाही हे व्हेट ठरवेल, त्याच्याकडे इंजेक्शनं असतात, मिनिटांत काम होतं आणि त्यानंतर लागलं तर पोटातलं विष शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड चारकोल देतात.

अंगाला लागलं असेल तर धुवा, डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ कोमट पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धार सोडा. फिनेल किंवा कुठल्याही जंतुनाशकावरून मांजर चालत गेलं तर पंजे लगेच धुवा, ते पंजे चाटणारच. फरशी पुसल्यावर पूर्ण वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवायची सवय लावली तर हा प्रश्नच येत नाही.

उंदराच्या औषधाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. एक प्रकार रक्त पातळ करणारा असतो, ब्रोमाडिओलोन, ब्रोडिफॅकम वगैरे, त्यात तीन ते पाच दिवस काहीच दिसत नाही आणि मग आतल्या आत रक्तस्राव. दुसरा झिंक फॉस्फाइड, तो पोटातल्या ॲसिडला लागला की विषारी गॅस तयार होतो आणि जनावराने गाडीत उलटी केली तर तो गॅस आपल्यालाही बाधतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून न्या आणि उलटीजवळ नाक नेऊ नका. उपचार पूर्ण वेगळे असल्यामुळे खोका सापडला तर अर्धं काम झालं.

आधीची तयारी म्हणाल तर फोनमध्ये नेहमीच्या व्हेटचा आणि रात्री उघडं असणाऱ्या एका दवाखान्याचा नंबर सेव्ह करा, आजच करा. रात्री जायला गाडी कुठून मिळेल ते ठरवून ठेवा. मांजराचं कॅरियर माळ्यावर न टाकता हाताशी उघडं ठेवा, आत जुनी चादर घाला, मांजर एरवीही त्यात झोपायला लागलं की घाईच्या वेळी कोंबायला झटापट करावी लागत नाही. कचऱ्याचा डबा झाकणाचा, पायाने उघडायचा घ्या. गोळ्या घेताना खाली पडली तर उचलल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर पण लगेच निर्धास्त होऊ नका, कुठल्या विषाला किती दिवस लक्ष ठेवायचं ते वेगवेगळं असतं. द्राक्षं-मनुका, आणि मांजराच्या बाबतीत लिली, ह्यात क्रिएटिनिनची तपासणी, म्हणजे किडनीचं काम कळायची रक्ततपासणी, साधारण तीन दिवस परत परत करायला सांगतात, ती चुकवू नका, लघवी होतेय का आणि किती ते रोज बघा, मांजराच्या लिटर ट्रेमधले गोळे मोजलेत तरी अंदाज येतो. झायलिटॉलमध्ये साखर सावरली तरी लिव्हरची तपासणी तीन दिवसांपर्यंत. कांद्यात आठवडाभर हिरड्यांचा रंग बघत राहायचं. आणि रक्त पातळ करणाऱ्या उंदराच्या औषधात व्हिटॅमिन के१ च्या गोळ्या बऱ्याचदा महिनाभर चालतात, कुत्रा चार दिवसांत उड्या मारायला लागला तरी मधे बंद करायच्या नाहीत, आणि शेवटची गोळी दिल्यावर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी करून घ्यायची, ती नॉर्मल आली की मगच उपचार संपले असं धरायचं.